कथेला नाव देताना

कथालेखनाविषयीच्या प्रश्नांत यंदा शीर्षकाचे प्रश्न सर्वांत जास्त आले. दिवाळी अंकांकडे कथा पाठवण्याचे दिवस जवळ आले की दरवर्षी असं होतं. कथा तयार असते, नावाची जागा मोकळी असते. त्यातले पाच प्रश्न इथे घेतले आहेत. पहिल्याला जास्त जागा दिली आहे, कारण त्याच्या उत्तरात इतरांचंही बरंच येतं.

प्रश्न : माझ्या कथेत एक निवृत्त एसटी कंडक्टर आहेत. बायको गेल्यावर ते गाव सोडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेत. विस्मरण सुरू झालंय. सुनेकडे सुट्टे मागतात, लिफ्टमधल्या माणसांना ‘पुढे सरका’ म्हणतात. शेवटी एका पहाटे खाकी कपडे घालून ते दाराशी बसतात आणि स्टीलच्या पेल्यावर चमचा दोनदा वाजवतात. मी ‘आठवणींचा प्रवास’ असं नाव दिलंय. वाचलेले सगळे म्हणतात, कथा चांगली आहे पण नाव सपक आहे. दुसरं सुचत नाही. – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाव सपक वाटतं कारण त्यातले दोन्ही शब्द कथेच्या बाहेरून आलेत. तुमचे कंडक्टर आयुष्यात कधी ‘आठवणींचा प्रवास’ असं बोलले नसतील. शिवाय हे नाव निवृत्त शिक्षकाच्या, परदेशातून परतलेल्या मुलीच्या, कुणाच्याही कथेला चालेल. कुठलंही शीर्षक हातात आलं की आधी एवढंच पाहा : हे उचलून दुसऱ्या कथेवर ठेवलं तर बसतं का? बसत असेल तर ते तुमच्या कथेचं नाव नाही. ‘ओझं’, ‘पोकळी’, ‘वादळ’, ‘शोध’, ‘कातरवेळ’, ‘नात्यांची वीण’ ही नावं याच कारणाने मरगळली आहेत. शब्द वाईट नाहीत, पण ते कशालाही बसतात.

आता कथेची छापील प्रत घ्या, पेन्सिल घ्या आणि अर्धा तास द्या. पडद्यावर वाचताना नजर ओळखीच्या वाक्यांवरून घसरते, म्हणून कागदच हवा. पाच प्रकारच्या शब्दांखाली रेघ मारा : हातात धरता येईल अशी वस्तू, पात्राच्या तोंडचं वाक्य, त्याच्या कामातला शब्द, जागा आणि वेळ. मग वीस नावं लिहून काढा, वीसच. पहिली पाच-सहा आपण आजवर वाचलेल्या कथांमधून येतात, त्यांत ‘शेवटचा थांबा’ हमखास असेल. दहाच्या पुढे गेलं की डोक्यातला साठा संपतो आणि तुमची कथा बोलायला लागते.

तुमच्या कथेतून निघतील अशी काही नावं तपासून पाहू.

‘शेवटचा थांबा’ वाचताच म्हातारा जाणार हे कळतं. कथेने पुढे करायचं काम नावाने आधीच उरकलं.

‘वेबिल’ हा नेमका शब्द आहे. कुठल्या टप्प्यावर किती तिकिटं फाडली आणि किती पैसे जमले, याचा हिशेब कंडक्टर त्यावर लिहितो. पण ज्याने एसटीत नोकरी केली नाही त्याला हा शब्द मुका राहील. ते रोज रात्री वहीच्या पाठकोऱ्या पानावर वेबिल भरत बसतात असा प्रसंग कथेत असेल, तरच हे नाव घ्या.

‘पुढे सरका’ हे तोंडी वाक्य आहे, पहिल्यांदा हसू येतं आणि मग गलबलतं. निवेदन हलकंफुलकं असेल तर हे चांगलं नाव आहे. तुमची कथा मात्र संथ सुराची वाटते, तिथे ते मोठ्याने बोलल्यासारखं होईल.

‘डबल बेल’ सर्वांत मोहात पाडणारं. एक घंटा थांबायची, दोन घंटा निघायची, आणि तुमची शेवटची कृती तीच आहे. अडचण नेमकी तिथेच आहे. शीर्षकात डबल बेल वाचलेला वाचक पहिल्या पानापासून ती वाजण्याची वाट बघतो. पेल्यावर चमचा पडतो तेव्हा तो आवाज त्याने आधीच ऐकलेला असतो.

‘मुक्कामी गाडी’ हे नाव मी घेईन. रात्री गावात पोचायचं, चालक-वाहकांनी तिथेच झोपायचं आणि पहाटे पहिल्या फेरीला निघायचं, ही गाडी खेड्यापाड्यांतल्या वाचकाला माहीत असते. शीर्षक पहिल्यांदा वाचताना ती फक्त एक एसटी असते. कथा संपेपर्यंत लक्षात येतं की मुलाच्या घरी हे गृहस्थ तसेच आलेत. डेपो त्यांचा नाही, रात्रीपुरते आलेत, पहाटे निघणार.

मात्र दोन गोष्टी कराव्या लागतील. हा शब्द कथेच्या पहिल्या एक तृतीयांश भागात एकदा, सहज यायला हवा. नातवाने विचारावं, ‘आजोबा, रात्री कुठे झोपायचात?’ आणि त्यांनी सांगावं, ‘मुक्कामी गाडी असली की सीटवरच.’ एवढंच, त्यावर भाष्य नको. दुसरं म्हणजे शेवटी ‘तेही आता एक मुक्कामी गाडीच झाले होते’ अशा धाटणीचं वाक्य लिहिलं असेल तर खोडा. शीर्षकाचा अर्थ कथेनेच फोडून सांगितला की वाचकाच्या हाती काही उरत नाही. चांगल्या कथांची नावं सर्वांत जास्त इथेच वाया जातात.

प्रश्न : कथेत एक आई मुंबईतल्या मुलाच्या पत्रांवर जगते. शेवटी कळतं की मुलगा दोन वर्षांपूर्वीच अपघातात गेला आणि पत्रं त्याचा खोलीतला मित्र लिहितोय. ‘मित्राची पत्रं’ असं नाव ठेवलं तर रहस्य फुटतं. ‘रहस्य’ किंवा ‘सत्य’ ठेवू का? – एक वाचक, वाशिम

उत्तर : ‘रहस्य’ म्हटलं की वाचक ते उलगडायच्या तयारीनेच बसतो आणि तिसऱ्या पानावर ओळखतो. नाव लपवाछपवीचं नको. ज्याला काहीच माहीत नाही त्याच्या डोळ्यांनी बघा. तुमच्या कथेत ती आई आहे. तिला काय दिसतं? निळं आंतर्देशीय पत्र, पोस्टमनची सायकल, वरच्या ओळीतलं ‘ती. आईस, शि. सा. न. वि. वि.’

‘ती. आईस’ हेच नाव ठेवून बघा. जुनी पत्रं वाचलेल्या कुणालाही यात काही वेगळं दिसणार नाही, मायना आहे एवढंच. कथा संपल्यावर तेच दोन शब्द परत वाचले की कळतं, कुणाच्या तरी दुसऱ्या मुलाने दोन वर्षं या बाईला आई म्हटलं आहे. ‘ती.’ हे ‘तीर्थरूप’चं लघुरूप आहे, त्यातला पूर्णविराम मात्र जपा. तो गेला तर ‘ती’ हे सर्वनाम होईल आणि नाव भलतीकडे जाईल.

तपासायची रीत सोपी आहे. कथा न वाचलेल्या दोघांना नुसतं नाव सांगा आणि काय वाटतं ते लिहून घ्या. कथा वाचून झाल्यावर तोच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्ही उत्तरं सारखीच आली तर नाव अर्धंच काम करतंय.

याचा अर्थ नावाने काही सांगायचंच नाही असा नव्हे. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘स्मशानातील सोनं’ या कथेत भीमा खरोखरच मेलेल्यांच्या राखेत सोनं शोधतो. दोनच शब्दांत गोष्टीचा गाभा उघड्यावर ठेवला आहे. तरी ते नाव कथेला मारत नाही, कारण एकमेकांशेजारी न शोभणारे हे दोन शब्द कथेत अक्षरशः खरे आहेत. आधी ते रूपक वाटतं, मग त्यामागची भूक दिसते.

प्रश्न : शीर्षक एका शब्दाचंच असावं का? नायिकेचं नाव, ‘सुमन’, हेच कथेला द्यावं असं वाटतं. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नुसतं ‘सुमन’ अनुक्रमणिकेत हरवेल. वाचकाला सुमन अजून भेटलेली नाही, त्या तीन अक्षरांत त्याला धरायला काही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’मध्ये ‘धर्मा रामोशी’, ‘शिवा माळी’, ‘रामा मैलकुली’ अशी शीर्षकं आहेत. नावाला जात किंवा काम लागलं की माणूस एका जागी उभा राहतो. ‘मैलकुली’ म्हणताच रस्ता, खडी, ऊन दिसायला लागतं. त्याच पुस्तकात नुसतं ‘झेल्या’ही आहे, पण ते नाव मुळातच असं आहे की कान टवकारतात. तुमच्या सुमनला गावात काय म्हणतात, ते बघा. ‘गिरणीवाली सुमन’, ‘सुमनवहिनी’, ‘पोस्टातली सुमन’. हाक मारायची रीत बदलली की कथा कोण सांगतंय तेही कळतं.

शब्दांची संख्या ठरलेली नाही. साधारण दोन ते चार शब्द लक्षात राहतात, पण पूर्ण वाक्यही चालतं. ह. ना. आपट्यांच्या दुष्काळावरच्या कथेचं नाव ‘काळ तर मोठा कठीण आला’ असं आहे. त्यातला ‘तर’ काढून वाचा, बोलणारा माणूसच नाहीसा होईल. बाबुराव बागुलांचं ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) अर्ध्यावर सोडलेलं आहे. मराठीत ‘जेव्हा’ आला की कान ‘तेव्हा’ची वाट पाहतात, आणि इथे तो ‘तेव्हा’ म्हणजे अख्खी कथा आहे. लांब नाव ठेवायचं तर त्यात असं एखादं व्याकरणाचं बळ हवं. नुसते शब्द वाढवून ते येत नाही.

प्रश्न : संतवचनातली ओळ नाव म्हणून घ्यावी का? आणि तेच नाव दुसऱ्या कुणाच्या कथेला असेल तर कायद्याची अडचण येते का? – एक वाचक, बेळगाव

उत्तर : ओवी घेता येते, पण कथेतल्या माणसांचं तिच्याशी नातं असेल तर. दि. बा. मोकाशींनी ‘आता आमोद सुनासि आले’ हे नाव ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवातल्या ओवीवरून घेतलं. कथेतली माणसं वारकरी आहेत, पोथी त्यांच्या रोजच्या जगण्यात आहे, म्हणून ती ओळ वरून चिकटवलेली वाटत नाही. याच कथेवर सुमित्रा भावे यांनी चित्रपट केला तेव्हा त्याचं नाव ‘दिठी’ ठेवलं. तो शब्दही ज्ञानेश्वरांच्याच भाषेतला. तुमची कथा आयटी कंपनीतल्या मुलाची असेल आणि त्याने ओवी कधी म्हटली नसेल, तर ती उसनी श्रीमंती दिसेल.

कायद्याचं म्हणाल तर नुसत्या शीर्षकावर आपल्याकडे कॉपीराइट नसतो. ‘देसी बॉईज’ या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हेच स्पष्ट केलं. म्हणजे ‘वळण’ नावाच्या दहा कथा असू शकतात. तरीही नाव अवतरणचिन्हांत घालून ‘कथा’ या शब्दासह इंटरनेटवर एकदा शोधा. गाजलेल्या कथेचं नाव घेतलंत तर वाचक मनात ती कथा घेऊनच तुमच्याकडे येतो, आणि ते ओझं तुमच्या पहिल्या परिच्छेदावर पडतं.

प्रश्न : संपादकांनी न विचारता शीर्षक बदललं. हे टाळता येतं का? – एक वाचक, बडोदा

उत्तर : बऱ्याच अंशी येतं. कथेसोबतच्या पत्रात लिहा : ‘शीर्षक बदलायचं झाल्यास कृपया कळवावं’, आणि पसंतीच्या क्रमाने आणखी दोन नावं द्या. संपादक बहुतेक वेळा दोन कारणांनी नाव बदलतात : त्याच अंकात दुसऱ्या कथेचं नाव मिळतंजुळतं असतं, किंवा नाव अक्षररेखनात बसत नाही. अनेक अंकांत शीर्षक चित्रकार हाताने रेखतो. लागोपाठ जोडाक्षरं, वर रफार आणि खाली उकार असलं की दोन ओळी एकमेकींत घुसतात. पाठवण्याआधी ते जाड पेनने मोठ्या अक्षरात एका ओळीत आणि मग दोन ओळींत लिहून बघा. दोन ओळींत तोडताना ‘मुक्कामी / गाडी’ सहज तुटतं, ‘ती. / आईस’ तुटलं तर मायनाच मोडतो. असं नाव असेल तर ‘एकाच ओळीत घ्यावं’ अशी सूचना पहिल्या पानावर शीर्षकाच्या खालीच लिहा, पत्रात नको. पत्र संपादकाकडे राहतं आणि चित्रकाराच्या हाती फक्त कथेची पानं जातात.