‘फँटसी’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे: “मला साय-फाय आवडतं, फँटसी फारशी नाही, हे मराठी शब्द वापरून कसं लिहायचं? ‘विज्ञानकथा’ ठीक वाटतं, पण फँटसीला कुणी कल्पनारम्य म्हणतं, कुणी अद्भुतरम्य, कुणी अद्भुतिका. आणि ‘विज्ञानकथा आवडते’ की ‘आवडतात’?”

शेवटचा प्रश्न सोपा आहे, तो आधी उरकतो. ‘कथा’चं अनेकवचन ‘कथा’च, त्यामुळे सगळा भार क्रियापदावर येतो. ‘मला विज्ञानकथा आवडते’ म्हटलंत तर समोरचा विचारणार, कुठली? साहित्यप्रकाराबद्दल बोलायचं असेल तर ‘आवडतात’. साय-फाय तसंच ठेवलंत तर नपुंसकलिंगी खुशाल चालवा. फँटसी मात्र मी तरी स्त्रीलिंगीच ऐकली आहे, ‘ती फँटसी’.

‘विज्ञानकथा’ हा शब्द आता रुळलाय आणि त्याला धक्का लावायचं कारण नाही. तो रुळण्यात मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेचा मोठा हात आहे. १९७४ साली याच स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. लेखकाचं नाव नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. ही आद्याक्षरं उलटी वाचली की ज. वि. ना. होतात, म्हणजे जयंत विष्णु नारळीकर. परीक्षकांवर नावाचं दडपण नको म्हणून त्यांनी ही युक्ती केली होती. ‘वैज्ञानिक कथा’ही कुठे कुठे दिसतं, पण ‘वैज्ञानिक’ म्हणजे आपल्याकडे माणूससुद्धा, त्यामुळे ती शास्त्रज्ञाच्या घरची हकीकत वाटते. ‘शास्त्रीय कथा’ तर विसराच. ‘शास्त्रीय’ म्हटलं की आता आधी तानपुरा लागतो.

या शब्दात मला खरी मजा वाटते ती त्याच्या समासाची. शाळेत मध्यमपदलोपी समास शिकलो होतो: पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी, मधले शब्द गाळलेले. विज्ञानकथा त्याच जातीची. पण इथे मधलं गाळलेलं पद कोणतं? विज्ञान समजावून सांगणारी कथा? विज्ञानाच्या आधाराने रचलेली कथा? की विज्ञानाने बदललेल्या माणसांची कथा? मराठीत या प्रकारावर जे वाद झाले, ते बहुतेक या गाळलेल्या पदावरचेच आहेत. पहिला अर्थ धरला की प्रत्येक गोष्टीत एक प्राध्यापक येतो आणि फळ्यावर आकृती काढून दोन पानं बोलतो. असल्या कथा आपण पुष्कळ वाचल्यात, त्यांची आठवण काढून कुणाचं भलं होणार नाही. बंगालीत अद्रीश बर्धन यांनी ‘कल्पविज्ञान’ हा शब्द रूढ केला. त्यात कल्पना आधी आणि विज्ञान मागून येतं, म्हणून प्राध्यापकाला आपोआप मागचा बाक मिळतो. कुणी हा शब्द मराठीत आणला तर माझी हरकत नाही, पण ‘विज्ञानकथा’ची जागा तो घेईल असं वाटत नाही.

आता फँटसी. ‘कल्पनारम्य’ मला दोन्ही अंगांनी खटकतो. कल्पना काय, विज्ञानकथेतही असतेच, किंबहुना अख्खं ललित साहित्य तिच्यावरच चालतं. मग या शब्दाने वेगळं काय दाखवलं? आणि ‘रम्य’चं काय करायचं? ज्या गोष्टीत चेटकीण मुलांना उकळते आणि राज्यं जळून खाक होतात तिला रम्य म्हणताना जीभ अडखळते. ‘अद्भुतरम्य’मध्येही हाच ‘रम्य’ आहे, पण त्याला इतिहास आहे. ‘मुक्तामाला’, ‘मंजुघोषा’ अशा एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्यांसाठी समीक्षकांनी तो शब्द वापरला. अपहरणं, योगायोग, संकटात सापडलेली नायिका आणि शेवटी सगळं गोड, असा तो ऐवज. तो शब्द त्या कादंबऱ्यांच्या नावे लागलेला आहे, तिथेच राहू द्यावा.

‘अद्भुतिका’ दिसायला बरा आहे. अडचण ‘-इका’ची. नाटिका, पुस्तिका, एकांकिका, कादंबरिका: बहुतेक ठिकाणी हा प्रत्यय आटोपशीरपणा सुचवतो. सात-सात जाडजूड खंडांच्या मालिकेला अद्भुतिका म्हणणं म्हणजे सव्वाशे किलोच्या पैलवानाला ‘बाळू’ हाक मारणं.

एक शब्द मात्र हातचा गेला, त्याची हळहळ वाटते. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरेबियन नाइट्स मराठीत आणायला घेतलं तेव्हा नाव दिलं ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’. त्या काळी ‘चमत्कारिक’ म्हणजे थक्क करणारं. फँटसीला याहून चपखल शब्द कुठला? पण आज ‘मला चमत्कारिक गोष्टी वाचायला आवडतात’ असं म्हणून बघा. घरचे काळजीने तुमच्याकडे बघतील, कारण ‘चमत्कारिक माणूस’ म्हणजे आता विचित्र, जरा जपून राहावं असा माणूस.

म्हणून माझं मत साध्या ‘अद्भुतकथे’ला. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांपैकी अद्भुत हा एक, आणि त्याचा स्थायीभाव विस्मय. विस्मय गोडच असला पाहिजे अशी अट नाही, तो भीतीच्या शेजारीही बसतो. भुताखेतांच्या गोष्टी मात्र यात ढकलू नका. त्यांना आपल्याकडे भयकथा आणि गूढकथा अशी स्वतंत्र घरं आहेत, आणि नारायण धारपांसारखे लेखक तर भयकथेतून विज्ञानकथेत आणि परत असे सहज जाऊन येत असत.

दोन्ही प्रकारांतला फरक व्याख्येपेक्षा एका कथेवरून लवकर कळतो. नारळीकरांच्याच ‘उजव्या सोंडेचा गणपती’मध्ये मूर्तीची सोंड एका बाजूची दुसऱ्या बाजूला होते. एवढंच सांगितलं तर ती अद्भुतकथा. उजव्या सोंडेचा देव, कडक सोवळं, घरात काहीतरी चुकलं असणार, अशी गोष्ट आपोआप पुढे चालू लागते. नारळीकर तिथे मोबियसची पट्टी काढतात. कागदाची लांब पट्टी घ्या, तिला एकदाच अर्धा पीळ द्या आणि टोकं चिकटवा. आता त्या पट्टीच्या आतच, जाडी नसलेला असा, डाव्या हाताचा पंजा सरकतोय अशी कल्पना करा. एक पूर्ण फेरी मारून तो मूळ जागी येतो तेव्हा उजव्या हाताचा झालेला असतो. पट्टीच्या दोन मितींत जे घडतं ते आपल्या तीन मितींच्या वस्तूचं घडलं तर? मग सोंड फिरते, आणि त्याच न्यायाने कथेतला हाडामांसाचा क्रिकेटपटूही आरशातल्यासारखा उलटा होऊन येतो. (टोपणनावातली आद्याक्षरं उलटी करणाऱ्या माणसाला ही कथा सुचावी यात नवल नाही.) प्रत्यक्षात असं होतं का? नाही. पण ‘कसं?’ विचारायला वाचकाला मुभा आहे आणि लेखकाने उत्तराची जबाबदारी घेतली आहे. अद्भुतकथेत ‘कसं’ विचारणारा अरसिक ठरतो. तिथे विचारायचं ‘कुणासाठी’ आणि ‘काय मोजून’.

माझा स्वतःचा कल विज्ञानकथेकडे आहे, पण विज्ञानावरच्या भक्तीमुळे नव्हे. लेखकाचे हात बांधलेले असले की तो जास्त हुशारीने सुटतो, ते बघायला मला आवडतं. म्हणूनच अद्भुतातही जिथे नियम पक्के असतात तिथे मी रमतो. हिरण्यकशिपूचा वर आठवा. माणसाकडून मरण नको, पशूकडून नको, दिवसा नको, रात्री नको, घरात नको, बाहेर नको. निष्णात वकिलाने कागद करावा तसा तो वर आहे. आणि नरसिंह तो मोडत नाही, तर एकेक कलम पाळून मधल्या फटीतून, संध्याकाळी, उंबरठ्यावर येतो. याउलट ज्या फँटसीत नायक अडकला की नवा मंत्र आठवतो, ती मी खाली ठेवतो. प्रश्नकर्त्यांनाही फँटसी ‘फारशी नाही’ आवडत ती याच कारणाने का, हे वाचायला आवडेल.

मराठीत हे दोन प्रकार एकमेकांच्या अंगणात कायम ये-जा करत आलेत हेही खरं. ‘यक्षांची देणगी’, ‘अंतराळातील भस्मासूर’, ‘वामन परत न आला’ ही नावं नुसती वाचली तर कुणालाही पुराणाची पोथी वाटेल, पण तिन्ही पुस्तकं नारळीकरांची. भा. रा. भागवतांनी फ्रेंच विज्ञानकथाकार ज्यूल व्हर्न मराठीत आणला तेव्हा एका पुस्तकाच्या नावातच ‘अद्भुत यात्रा’ घातली. आपल्या वाचकाला यंत्राची ओळखही विस्मयाच्याच शब्दांत करून द्यावी लागली, किंवा द्यावीशी वाटली.

तर वाक्य: ‘मला अद्भुतकथांपेक्षा विज्ञानकथा जास्त आवडतात.’ कादंबरी असेल तर ‘विज्ञान कादंबरी’. सिनेमाला ‘विज्ञानपट’ चालतो. ‘अद्भुतपट’ अजून कानाला नवा आहे, तोवर ‘अद्भुत चित्रपट’ म्हणायला जाऊ नका, कारण ते कौतुक होईल, प्रकार नव्हे. तिथे सरळ ‘फँटसी सिनेमा’ लिहा. आणि अंतराळयानं, लेझरच्या तलवारी आणि अंगी सिद्धी असलेले गुरू-शिष्य एकाच पडद्यावर असतील, तर यान बघून फसू नका. सिद्धी कशी चालते हे कुणी विचारलेलं नसेल, तर ती माझ्या लेखी अद्भुतकथाच.