तिबिलिसीत बिऱ्हाड करण्यापूर्वी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथील एका कंपनीने आपल्याला तीन वर्षांसाठी नोकरी देऊ केली आहे, पत्नी आणि दुसरीत शिकणारी मुलगी सोबत येणार आहेत, पण पुण्यात आई-वडील ‘रशियाच्या शेजारी कशाला जाता, उद्या तिथेही युक्रेनसारखे झाले तर?’ असे म्हणून अडून बसले आहेत. तेव्हा त्यांच्या भीतीत तथ्य किती, हे आपल्याला माझ्याकडून हवे आहे. मी मूळचा सांगलीचा, २०१३ पासून इथे मालवाहतुकीच्या व्यवसायात आहे. शाळा, थंडी, भाजीपाला यांविषयी सांगणारे आपल्याला पुष्कळ भेटतील. मी फक्त रशियाच्या प्रश्नाविषयी लिहितो, कारण त्याविषयी इथे येण्याआधी मला कोणी नीट सांगितले नव्हते.

आई-वडिलांना प्रथम हे सांगा, की ज्या युद्धाची त्यांना धास्ती वाटते ते इथे होऊन गेले आहे. इथले लोक त्याला ‘अग्विस्तोस ओमी’ म्हणजे ऑगस्टचे युद्ध म्हणतात. ते २००८ मध्ये झाले, पाच दिवस चालले, आणि माझ्या मते अजून पुरते संपलेले नाही. इथल्या जगण्यातील बऱ्याचशा गोष्टी या ‘न संपण्यातून’ निघतात.

पार्श्वभूमी समजून घेणे आवश्यक आहे. दक्षिण ओसेशिया आणि अबखाझिया हे जॉर्जियाचे दोन प्रांत सोव्हिएत संघ कोसळला त्या काळातील लढायांनंतर तिबिलिसीच्या ताब्याबाहेर गेले होते आणि तिथे शांतिसैनिक म्हणून रशियाचे सैन्य बसलेले होते. २००२ पासून रशियाने तिथल्या रहिवाशांना आपले पासपोर्ट मोठ्या प्रमाणावर वाटले. त्यामुळे पुढे ‘आमच्या नागरिकांचे रक्षण’ हे कारण आयतेच हाताशी आले. फेब्रुवारी २००८ मध्ये कोसोव्होने सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केले, त्यामुळे प्रांत फुटून निघण्याचे ताजे उदाहरण समोर आले, आणि एप्रिलमध्ये बुखारेस्टच्या बैठकीत नाटोने जॉर्जिया व युक्रेन कधी ना कधी सदस्य होतील असे सांगितले, पण मुदत मात्र दिली नाही. शेजाऱ्याला डिवचण्याइतके आश्वासन होते, संरक्षण करण्याइतके नव्हते. ७ ऑगस्टच्या रात्री जॉर्जियाचे अध्यक्ष साकाश्विली यांच्या सैन्याने दक्षिण ओसेशियाची राजधानी त्स्खिनवली या शहरावर तोफांचा मारा केला, त्यानंतर रशियाला जोडणाऱ्या रोकी बोगद्यातून रशियन रणगाड्यांच्या रांगा खाली उतरल्या, गोरी शहरावर बाँब पडले, आणि १२ तारखेला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी यांच्या मध्यस्थीने युद्धविराम ठरला. २६ ऑगस्टला रशियाने दोन्ही प्रांतांना स्वतंत्र देश म्हणून मान्यता दिली.

सुरुवात कोणी केली यावर इथे कोणाशीही वाद घालू नका. परक्याने त्यात पडण्यात शहाणपण नाही. युरोपीय संघाने स्विस राजनैतिक अधिकारी हायडी तालियाविनी यांच्याकडे चौकशी सोपवली होती. २००९ च्या त्यांच्या अहवालाने त्स्खिनवलीवरील मारा आंतरराष्ट्रीय कायद्यात बसत नाही असे म्हटले, पण त्याआधीच्या चिथावण्यांकडेही बोट दाखवले आणि रशियाने केलेली कारवाई बचावाच्या मर्यादेपलीकडे गेली असेही नोंदवले. मला हा निष्कर्ष न्याय्य वाटतो. इथे तो कोणालाच पूर्ण पटत नाही.

आता परिणामांकडे वळतो. आपल्याला ज्यांच्यासोबत राहावे लागेल ते हेच.

देशाच्या भूमीचा सुमारे पाचवा हिस्सा आज तिबिलिसीच्या हातात नाही. दक्षिण ओसेशियाची रेषा राजधानीपासून जेमतेम चाळीस किलोमीटरवर येते. ही रेषा नकाशावरच्या रेषेसारखी स्थिर नाही. रशियाचे सीमारक्षक कधी काटेरी कुंपण, कधी हिरव्या फलकांची रांग लावत ती पुढे सरकवत आले आहेत. खुरवालेती गावात तर एका वृद्धाचे घरच कुंपणापलीकडे गेले आणि शेजाऱ्यांशी त्याला तारेच्या जाळीतून बोलावे लागले. आमचे ट्रक पोती बंदरातून तिबिलिसीकडे ज्या महामार्गाने येतात, त्याच्यापासून हे फलक एका ठिकाणी एक किलोमीटरच्याही आत आहेत. देशाच्या पूर्व-पश्चिम वाहतुकीचा कणा म्हणजे हा एकच रस्ता. तो तोडायला मोठ्या फौजेची गरज नाही. एक तुकडी थोडी पुढे सरकली तरी पुरे, आणि हे मॉस्कोला जितके ठाऊक आहे तितकेच तिबिलिसीला. बलाढ्य देशाने एकदा हस्तक्षेप करून मोक्याची जागा धरली की त्याला पुन्हा हल्ला करण्याचे फारसे कारण उरत नाही. तो करू शकतो एवढे शेजाऱ्याला दिसत राहिले की काम भागते. युरोपीय संघाचे निरीक्षक २००८ च्या ऑक्टोबरपासून या रेषेवर गस्त घालतात, पण त्यांना पलीकडे प्रवेश नाही.

त्याच महामार्गाने जाताना त्सेरोवानी येथे एकसारख्या छोट्या घरांच्या लांबच लांब रांगा दिसतात. त्या गृहनिर्माण योजनेच्या नाहीत. युद्धात गावे गमावलेल्यांसाठी घाईघाईने उभारलेली ती वसाहत आहे. १९९० च्या दशकात अबखाझियातून हाकलले गेलेले दोन लाखांहून अधिक लोक याखेरीज वेगळे. माझी पहिली घरमालकीण १९९३ मध्ये अबखाझियाची राजधानी सुखुमी पडली तेव्हाची विस्थापित होती. ती स्वतःच्या गावाविषयी नेहमी वर्तमानकाळात बोलत असे, आणि माझ्या मोडक्या जॉर्जियनमुळे मला पहिले कित्येक महिने वाटत राहिले, की तिचे तिथे दुसरे घर आहे.

जगाने काय केले, हेही आई-वडिलांना सांगण्यासारखे आहे. त्या दोन प्रांतांना रशियाखेरीज निकाराग्वा, व्हेनेझुएला, नाऊरू आणि नंतर सीरिया एवढ्यांनीच मान्यता देऊन टिकवली. भारताने दिलेली नाही. म्हणजे राजनैतिक पातळीवर मॉस्कोला फारसे यश आले नाही. परंतु किंमतही फारशी मोजावी लागली नाही. काही महिन्यांतच अमेरिकेने रशियाशी संबंध नव्याने जुळवण्याची भाषा सुरू केली, आणि फ्रान्सने २०११ मध्ये रशियाला मिस्त्राल जातीच्या युद्धनौका विकण्याचा करार केला. तो रद्द झाला २०१५ मध्ये, म्हणजे रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यानंतर. २००८ मध्ये जो धडा दिला गेला नाही त्याचे बिल युक्रेनला आले, असे इथला टॅक्सीवालाही सांगतो, आणि या बाबतीत मी टॅक्सीवाल्याच्या बाजूचा आहे.

२०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला तेव्हा तिबिलिसीत काय झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. पहिल्या आठवड्यात लोक गप्प होते, बँकांपुढे रांगा होत्या, दुकानांतून पीठ आणि तेल कमी होऊ लागले. नंतर जे आले ते रणगाडे नव्हते, रशियन नागरिक होते. रशियन लोकांना इथे व्हिसाशिवाय एक वर्ष राहता येते. सप्टेंबरमध्ये रशियात सैन्यभरती जाहीर झाल्यावर हद्दीवरच्या लार्सच्या घाटात गाड्यांची रांग कित्येक किलोमीटर लांब गेली. त्या वर्षी रशियातून इथे २ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम आली, लारी हे इथले चलन वधारले, अर्थव्यवस्था दहा टक्क्यांहून अधिक वाढली, आणि शहरातील घरभाडी पाहता पाहता दुप्पट झाली. माझ्या त्या वेळच्या घरमालकाने (ही सुखुमीची बाई नव्हे) आठ दिवसांत घर सोडा नाहीतर दुप्पट भाडे द्या असे सांगितले, आणि भिंतींवर रशियनांना ‘परत जा’ असे लिहिणाऱ्या त्याच गल्लीत त्याने माझे घर एका रशियन जोडप्याला दिले. त्याला दोष देणे सोपे आहे, पण भीती आणि उत्पन्न एकाच पाहुण्याकडून येऊ लागले की माणसे अशीच वागतात.

राजकारणावर झालेला परिणाम याहून खोल आहे. २०१२ पासून ‘जॉर्जियन ड्रीम’ हा पक्ष सत्तेवर आहे आणि त्याचे सूत्रधार अब्जाधीश बिद्झिना इवानिश्विली आहेत. २०२४ च्या निवडणुकीत या पक्षाने जागोजागी फलक लावले होते: एका बाजूला युक्रेनमधील बेचिराख इमारती, दुसऱ्या बाजूला जॉर्जियातील नीटनेटक्या. गोरी शहरातील सभेत, म्हणजे जिथे बाँब पडले तिथेच, इवानिश्विली यांनी २००८ बद्दल ओसेशियन लोकांची माफी मागण्याची गोष्ट काढली. युरोपीय संघाने डिसेंबर २०२३ मध्ये जॉर्जियाला उमेदवार देशाचा दर्जा दिला होता. २८ नोव्हेंबर २०२४ रोजी सरकारने सदस्यत्वाची बोलणी २०२८ पर्यंत सुरू न करण्याचे जाहीर केले, आणि त्या रात्रीपासून रुस्तावेली रस्त्यावर निदर्शने सुरू झाली. एका पक्षाला ही शरणागती वाटते, दुसऱ्याला सावधपणा. मला असे दिसते की २००८ च्या त्या पाच दिवसांनी आजच्या मतदाराच्या हातात निवडीऐवजी भीती ठेवली, आणि ती भीती खोटी नसल्यामुळेच तिचा वापर करणे सोपे जाते.

आपल्या कामाचे आता सांगतो. रुस्तावेलीवर आणि संसदेच्या आसपास घर घेऊ नका. निदर्शनांच्या काळात पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर तिथल्या गल्ल्यांत शिरतो. परक्या नागरिकाने निदर्शनांत उभे राहू नये, छायाचित्रांसाठीही नाही. दक्षिण ओसेशियाच्या रेषेजवळ डोंगर पाहायला किंवा ड्रोन उडवायला जाऊ नका. २०२३ मध्ये किरबाली गावाजवळ एक जॉर्जियन नागरिक रशियन सैनिकांच्या गोळीने मेला आहे. रशियाच्या बाजूने सुखुमीला जाणे हा जॉर्जियन कायद्यानुसार गुन्हा आहे, मग रशियातील सोची शहर तिथून कितीही जवळ दिसो.

भाषेचे थोडे नाजूक आहे. पन्नाशीपुढच्या माणसांशी रशियन चालते, काहींना तर ती बोलायला आवडते. विशीतल्या मुलाशी रशियनने सुरुवात केलीत तर चेहरा बदललेला दिसेल. ‘गामार्जोबा’ (नमस्कार) म्हणून इंग्रजीवर जा. भारतीय आहोत म्हटल्यावर वागणे बहुधा मऊ होते. त्यात गोव्याचाही वाटा आहे: १६२४ मध्ये पर्शियाच्या शाह अब्बासने छळ करून मारलेल्या जॉर्जियन राणी केतेवानच्या अस्थी जुन्या गोव्याच्या ऑगस्टिनियन चर्चच्या अवशेषांत सापडल्या आणि २०२१ मध्ये भारताने त्या इथे सुपूर्द केल्या. बलाढ्य शेजाऱ्यापुढे न झुकलेली राणी म्हणून तिची इथे पूजा होते, त्यामुळे आपण गोव्याच्या शेजारचे आहोत हे सांगायला हरकत नाही.

बाहेर पडण्याचा मार्ग आधीच ठरवून ठेवा. २००८ मध्ये तिबिलिसीच्या विमानतळाजवळही बाँब पडले होते आणि अनेक परदेशी रस्त्याने आर्मेनियात गेले. सादाख्लोची हद्द शहरापासून दीड-दोन तासांवर आहे. अझरबैजानची जमिनीवरची हद्द २०२० पासून प्रवाशांना बंद आहे, आणि तुर्कस्तानची सार्पीची हद्द देशाच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे जाण्याचा रस्ता म्हणजे वर सांगितलेला तोच महामार्ग. म्हणून आर्मेनियाच्या व्हिसाचे नियम दर सहा महिन्यांनी पाहत जा, मुलीचा पासपोर्ट कधीही मुदतीच्या काठावर येऊ देऊ नका, आणि काही महिन्यांचा खर्च भारतातील खात्यात राहू द्या.

यावे की नाही, असे सरळ विचाराल तर माझे उत्तर ‘या’ असेच आहे. माझा मुलगा इथेच शाळेत जातो. घर विकत मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त हप्ता दाखवला तरी. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करा, भाडे डॉलरमध्ये की लारीमध्ये ते त्यात लिहून घ्या, मुदतीत भाडेवाढ नाही आणि दोन महिन्यांच्या सूचनेशिवाय घर खाली करायला सांगता येणार नाही, ही दोन कलमे घातल्याशिवाय सही करू नका. कराराचा मसुदा जॉर्जियनमध्ये असेल; तो मला पाठवा, मी वाचून सांगतो.