यंदाचा पेपर कठीण, मग ग्रेडचं काय?

प्रश्न : बारावीच्या सार्वत्रिक परीक्षेचा पेपर दरवर्षी नवा असतो. एखाद्या वर्षी तो कठीण निघाला तर त्या मुलांवर अन्याय होत नाही का?

उत्तर : 'ए' ग्रेडची रेष ८० गुणांवर कायमची आखून ठेवली, तर नक्कीच होतो. म्हणून ती पेपर तपासून झाल्यावर ठरवावी.

वस्तुनिष्ठ पेपरात त्यासाठी मागच्या वर्षीचे काही प्रश्न जसेच्या तसे ठेवतात. समजा, असे २० प्रश्न आहेत. त्यांत मागच्या तुकडीची सरासरी १४ होती आणि यंदाचीही १४च आली. म्हणजे दोन्ही तुकड्या तोडीस तोड. पण पूर्ण पेपराची सरासरी ६२ वरून ५६ वर आली असेल, तर हे ६ गुण पेपराने खाल्ले. सर्वांत साध्या हिशेबाने रेष ८० वरून ७४ वर येते. त्याच २० प्रश्नांत यंदा सरासरी १२ असती, तर तुकडीच थोडी कच्ची ठरली असती आणि रेष एवढी उतरवता आली नसती.

हे समान प्रश्न पेपरात पूर्वीच्याच जागेच्या आसपास हवेत. शेवटी ढकलले, तर वेळ संपत आल्यावर मुलं ते घाईत चुकवतात आणि तुकडी उगाच कच्ची दिसते. ते फुटले तर उलटं होतं. मुलं फार हुशार आणि पेपर फारच कठीण असं चित्र दिसतं, रेष नको तितकी उतरते आणि घोकून आलेल्यालाही 'ए' मिळतो. मला ही चूक सर्वांत घातक वाटते, कारण निकालपत्रात तिचा मागमूसही नसतो.

दीर्घोत्तरी प्रश्न मुलांच्या लक्षात राहतात, त्यामुळे ते पुन्हा वापरता येत नाहीत. म्हणून इंग्लंडच्या ए लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीच्या तोडीच्या परीक्षेला, ज्येष्ठ परीक्षक यंदाच्या रेषेजवळच्या उत्तरपत्रिका जुन्यांशी ताडून पाहतात, सोबत आकडेवारीही असते.

प्रश्न : दोन गुणांनी ग्रेड हुकली. फेरतपासणीचा अर्ज करावा का?

उत्तर : आधी उत्तरपत्रिकेची प्रत मागवा. आतले गुण स्वतः जोडा आणि मुखपृष्ठावरच्या बेरजेशी जुळवा. एखादं पान परीक्षकाच्या खुणेविना सुटलंय का, पुरवण्या सगळ्या आहेत का, हे बघा. यात चूक सापडली तर अर्ज जरूर करा. तक्रार फक्त 'या उत्तराला आणखी एक गुण हवा होता' एवढीच असेल, तर आदर्श उत्तराशी मुद्दा-मुद्दा जुळवून मगच ठरवा. काही मंडळांत फेरतपासणीत गुण कमीही होतात, तेव्हा तो नियम आधी वाचून घ्या.