सोळाव्या वर्षी क्रोन्स निघालाय. कॉलेज, मित्र, खाणंपिणं कसं सांभाळू?

अकरावीला आहेस, पुण्यात राहतोस, नुकतंच निदान झालंय आणि कॉलेजात कुणाला कळू द्यायचं नाहीये, असं तू लिहिलंयस. मला हा आतड्याला वारंवार सूज येण्याचा आजार चौदाव्या वर्षी निघाला, आता नोकरी करतो. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोसबिस तुझ्या पोटविकारांच्या डॉक्टरांनाच विचार. पण लपवण्याबद्दल माझं मत आधी सांगतो: ते जमत नाही, आणि जमवायला गेलास तर दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

आपल्याकडे गंमत बघ. घरात सकाळच्या चहाबरोबर "पोट साफ झालं का?" हे आजोबांपासून जावयापर्यंत कुणालाही विचारता येतं. उंबरा ओलांडला की विषय बंद. मग वर्गात कळ आली तरी पोरगं घाम फुटेपर्यंत बसून राहतं, पण हात वर करत नाही. मी वर्गशिक्षिका, शेजारी बसणारा मित्र आणि क्लासचे सर एवढ्यांनाच सांगितलं. वाक्य पाठच केलं होतं: "माझ्या आतड्याला सूज येते, ती कुणाला लागत नाही, पण मधेच उठून जावं लागतं, तेव्हा विचारायला थांबणार नाही." बाईंनी मान हलवली आणि दाराजवळचा बाक दिला. सरांनी मात्र सगळ्या बॅचसमोर "बाहेरचं खाणं बंद कर" असं ऐकवलं. अशी माणसं भेटणारच.

नातेवाईकही हेच म्हणतील. त्यांना सांग की बरिल क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी या आजाराबद्दल १९३२ साली लिहिलं, तेव्हा इन्स्टंट नूडल्स जन्मालाही आल्या नव्हत्या. आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या आतड्यावर उलटते. त्यात थोडं आनुवंशिक असतं, थोडा आतड्यातल्या जिवाणूंचा हात असतो. एकच एक कारण नाही. वडापावने हा आजार होत नाही आणि बेलाच्या मुरंब्याने जात नाही. मुरंबा खा, छान लागतो. त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नकोस.

तुझं निदान व्हायला उशीर झाला म्हणून आईबाबा स्वतःला दोष देत असतील तर त्यांना हेही सांग: आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स ओळखताना भल्याभल्यांची पंचाईत होते. दोन्ही बहुतेक वेळा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात असतात, बायोप्सीतही (आतड्याचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीत) सारखे दिसू शकतात. मलाही आधी टीबीचीच औषधं चालू होती. लघवी केशरी झालेली पाहून आई घाबरली होती. तो त्यातल्या एका गोळीचा रंग.

स्टेरॉइड चालू असेल तर आरशाशी थोडं भांडण होईल. माझे गाल इतके फुगले की सोसायटीतल्या काकू कौतुकाने म्हणाल्या, "आता कसं बाळसं धरलंय!" मला रडू की हसू कळेना. गोळी डॉक्टर टप्प्याटप्प्याने कमी करतात, तसा चेहरा उतरतो. चेहऱ्याला वैतागून ती एकदम मात्र बंद करायची नसते, ते धोक्याचं आहे.

उंचीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, पण मनात असेलच. सूज चालू असली की वाढ खुंटते, वयात येणंही लांबतं. माझ्या वर्गातल्या पोरांना मिसरूड फुटली तेव्हा माझा आवाजसुद्धा फुटला नव्हता. सूज आटोक्यात आल्यावर बरंचसं भरून निघालं. दर तपासणीला उंची आणि वजन मोजून लिहायला लाव. ब १२, ड जीवनसत्त्व आणि लोहही बघायला सांग.

दुसऱ्यांदा फ्लेअर आला, म्हणजे आजार पुन्हा उसळला, तेव्हा डॉक्टरांनी स्टेरॉइडऐवजी फक्त द्रव आहार दिला. मुलांमध्ये हा उपाय मानलेला आहे: सहा ते आठ आठवडे डब्यातली पावडर पाण्यात कालवून प्यायची, बाकी अन्न बंद. माझ्या नशिबी ते गणपतीत आलं. समोर एकवीस मोदक, त्यावर तुपाची धार, आणि माझ्या हातात व्हॅनिलाचा पेला. आजी स्वयंपाकघरात जाऊन जेवायची, माझ्यासमोर तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एरवी जेवणाचं सगळ्यांना लागू पडणारं पथ्य नाही. पोट बिघडलेलं असताना मऊ भात, वरण, तूप. कच्ची कोशिंबीर आणि सालं तेव्हा नकोत. आतडं कुठे अरुंद झालं असेल तर चोथ्याचं डॉक्टरांना विचारूनच. काय खाल्लं आणि काय झालं ते वहीत लिही, यादी तुझी तुलाच सापडेल.

अ‍ॅझाथायोप्रिन ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी देणार असतील तर 'एनयूडीटी१५' जनुकाच्या तपासणीबद्दल विचार. त्यातला बदल आपल्याकडे पाश्चात्त्यांपेक्षा जास्त आढळतो आणि त्याने पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरू शकतात. बायोलॉजिक, म्हणजे सुजेमागचे ठरावीक घटक रोखणाऱ्या इंजेक्शनांआधी टीबीची तपासणी करतात, ती टाळू नकोस. डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नकोस. सिगरेट तर नाहीच, क्रोन्स तिने सरळ वाढतो.

शहरात फिरताना संडास कुठे आहे ते आधी माहीत असू दे. मेट्रो स्टेशनं कामाला येतात. हॉटेलात 'फक्त ग्राहकांसाठी' अशी पाटी असली तरी सरळ विचार, सहसा नाही म्हणत नाहीत. पाणी बंद म्हटलं की पुण्यात बहुधा गुरुवारच असतो. बुधवारी रात्री बादल्या भरायचं काम आमच्या घरी माझ्याकडेच होतं.

बारावीच्या परीक्षेचं आत्ताच बोलून ठेव. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या २१ प्रकारांत क्रोन्स नाही, त्यामुळे सवलत आपोआप मिळेल असं धरून चालू नकोस. डॉक्टरांचं पत्र कॉलेजात दे आणि दाराजवळची जागा व मधे जायची परवानगी यासाठी केंद्रसंचालकांना वेळेत कळवायला सांग.

आणि एक, जे मुलं हमखास दडवतात: गुदद्वाराजवळ गाठ, पू किंवा बसताना दुखणं. ते फिस्टुला, म्हणजे आतड्यापासून कातडीपर्यंत पडलेली वाट, असू शकतं, लगेच दाखव. आईबाबांसमोर नको वाटत असेल तर "मला डॉक्टरांशी पाच मिनिटं एकट्याने बोलायचंय" असं म्हण. पोट फुगून उलट्या, ताप किंवा रक्त जात असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस.

ट्रेकला जाता येईल का, हे शेवटी विचारलंयस. फ्लेअर नसेल तर बिनधास्त जा. मी राजगड केलाय. ग्रुपमधल्या एकाला सांगून ठेव, ओआरएस, टिश्यू आणि जास्तीची पँट सॅकमध्ये टाक, आणि वाटेतल्या लिंबू सरबतात बर्फ नको म्हणून सांग.