अल्ट्रा मॅरेथॉनच्या तयारीत वजनांचा व्यायाम आणि आहार यांची सांगड कशी घालावी?

तुम्ही लिहिलंय की वय ४१, वजन ७० किलो, राहायला कोल्हापूर. चार फुल मॅरेथॉन झाल्यात, आता दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स या अल्ट्रा मॅरेथॉनची (म्हणजे ४२ किलोमीटरहून लांब शर्यतीची) 'डाउन रन', म्हणजे एकूण उताराच्या दिशेची शर्यत, करायची आहे. आठवड्यातून सहा दिवस पळता, पूर्ण शाकाहारी आहात. जिम कुठे बसवू, त्याने पाय जड होतील का, प्रोटीन पावडर लागेल का आणि शर्यतीआधी चार-पाच किलो उतरवू का, असे तुमचे प्रश्न आहेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्या चुकीची किंमत मी मोजली आहे. वजन उतरवू नका. व्यायाम वाढवताय ना, मग जेवणही वाढवा.

२०१८ ची डाउन रन माझी पहिली कॉम्रेड्स. पीटरमॅरिट्झबर्ग ते डर्बन, ९० किलोमीटर, पहाटे साडेपाच ते संध्याकाळी साडेपाच. मी सहा महिने फक्त पळाले, आठवड्याला शंभर-शंभर किलोमीटर. जिम नाही. रात्रीचा भात बंद, पोळ्या दोनवर आणल्या. ५९ किलोची ५३ झाले. सगळे कौतुक करत होते, मलाही छान वाटत होतं. पाळी दोन महिने चुकली, सर्दी जाता जात नव्हती, रात्री तीनला जाग यायची; ते सगळं मी 'ट्रेनिंगचा ताण' म्हणून सोडून दिलं.

पासष्ट किलोमीटरच्या आसपास क्लूफ गाव संपतं आणि फील्ड्स हिल सुरू होतो. पाइनटाउनपर्यंत साधारण तीन किलोमीटरचा सलग उतार. तिथे माझ्या मांड्या गेल्या. दम लागला नव्हता, श्वास अगदी शांत होता. पण पाऊल टेकलं की गुडघा धरत नव्हता. उतार पाठमोरी होऊन उतरायचा प्रयत्न केला. पाइनटाउनमध्ये फुटपाथच्या कडेवरून रस्त्यावर उतरायला, म्हणजे जेमतेम वीतभर, मला विजेच्या खांबाला धरावं लागलं. पुढचा कटऑफ, म्हणजे त्या टप्प्यावर पोचायची ठरलेली वेळ, हुकला आणि मी बसमध्ये बसले.

चढावर स्नायू आखडत काम करतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, दर पावलाला. त्याने स्नायूचे बारीक तंतू तुटतात, आणि हजारो पावलांनंतर ब्रेकच उरत नाही. डाउन रनमध्येही चढ भरपूर आहेत, इंचांगा आणि बोथाज हिल तुम्हाला भेटतीलच, पण माणूस मोडतो तो उतारावर. सपाटीवर कितीही किलोमीटर केले तरी हा ब्रेक तयार होत नाही. तो तयार होतो दोन गोष्टींनी, वजनं आणि प्रत्यक्ष उतार. आणि त्या दोन्हींतून शरीर सावरतं ते जेवणाने. म्हणून माझ्या मते व्यायाम आणि आहार हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच.

पाय जड होतील का? १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन या अमेरिकन संशोधकाने ताकदीचा आणि दमाचा व्यायाम एकत्र करणाऱ्यांवर दहा आठवडे प्रयोग केला. जिमवाले लोक त्याचा दाखला देऊन 'पळू नका' म्हणतात, कारण त्या गटाची ताकद सात आठवड्यांनंतर वाढायची थांबली. पण त्याच प्रयोगात दम मात्र फक्त दमाचा व्यायाम करणाऱ्यांइतकाच वाढला होता. आपण पळणारे आहोत. आपल्याला घाबरण्याचं कारण नाही.

जागा मात्र करावी लागेल. पळण्याचा एक दिवस काढून टाका. हे तुम्हाला सगळ्यात जड जाईल, मलाही गेलं. २०२३ च्या डाउन रनसाठी माझा आठवडा असा होता. सोमवारी आणि शुक्रवारी पूर्ण सुट्टी. मंगळवारी सकाळी चढाचे किंवा वेगाचे रिपीट्स (मध्ये थांबत पुन्हा पुन्हा मारायच्या छोट्या धावा) आणि त्याच दिवशी संध्याकाळी जिम. बुधवारी अगदी हलकं पळणं. गुरुवारी सकाळी मध्यम रन, संध्याकाळी पुन्हा जिम, पण थोडं कमी. शनिवार-रविवार लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचं पळणं. अवघड काम अवघड दिवशीच उरकायचं, म्हणजे हलका दिवस खरोखर हलका राहतो. रन आणि जिम यांत सहा तास मिळाले तर उत्तम.

कोल्हापूरकराला बैठका शिकवायची माझी प्राज्ञा नाही. पण तालमीतल्या दोनशे बैठका आणि खांद्यावर बार घेऊन मारलेले सहा स्क्वॉट यांत फरक आहे. बैठकांनी दम वाढतो, तो तुमच्याकडे आहेच. ताकदीसाठी वजन असं हवं की सहाव्या वेळेनंतर 'अजून दोनच निघतील' असं वाटलं पाहिजे. पहिले चार-पाच आठवडे हलक्या वजनावर बारा-बाराचे सेट मारून ढब पक्की करा. मग आठ-दहा आठवडे पाच-सहाचे तीन ते चार सेट. स्क्वॉट, रोमानियन डेडलिफ्ट (गुडघे किंचित वाकवून, कमरेतून झुकत बार उचलणं), एक पाय मागे बाकावर ठेवून स्प्लिट स्क्वॉट आणि पोटऱ्यांसाठी टाचा उचलणं, तेही गुडघा सरळ ठेवून आणि वाकवून, दोन्ही. पोटा-पाठीसाठी प्लँक. पाऊण तासात संपतं. यापेक्षा जास्त व्यायाम कुणी गळ्यात मारत असेल तर नाही म्हणा.

एकच व्यायाम निवडायचा झाला तर मी पायरी निवडेन. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहा. दुसरा पाय हवेत. मनात चार अंक मोजत शरीर खाली सोडा, दुसऱ्या पायाची टाच खालच्या पायरीला नुसती लागेपर्यंत. लागली की वर. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे, आत वळता कामा नये. पहिल्या संध्याकाळी माझा डावा गुडघा तिसऱ्याच वेळी आत पडला आणि हात आपोआप कठड्याला गेला. उजव्याचे बारा झाले होते. फील्ड्स हिलवर काय झालं ते मला आमच्या सोसायटीच्या जिन्यात समजलं. सहा आठवड्यांनी दोन्ही हातांत पाच-पाच किलोचे डंबेल्स घेऊन दोन्ही पायांचे बारा-बारा होत होते.

खरा उतार तुमच्या दारात आहे, पन्हाळ्याचा नाहीतर जोतिबाचा. मी पुण्याजवळचा बोपदेव घाट वापरला. दर दोन-तीन आठवड्यांनी एकदा, घाईने नाही, लहान पावलांनी. पहिल्या वेळेनंतर दोन दिवस जिना उतरताना ओरडाल. पुढच्या वेळी तितक्याच उतारानंतर दुखणं निम्मंही नसतं, कारण स्नायू तो मार लक्षात ठेवतो. हे संरक्षण काही आठवडे टिकतं, म्हणून शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी करा. शेवटच्या सहा आठवड्यांत जिम आठवड्यातून एकदाच, आणि शेवटचे दोन आठवडे पायांना जड वजन नाही.

आता ताट. वजनाच्या दर किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं धरली तर तुम्हाला रोज ११२ ग्रॅम लागतील. शाकाहारात ती बसतात, मी हिशोब करून दाखवते. अर्धा लिटर दूध १६, पन्नास ग्रॅम सोया चंक्स २६, शंभर ग्रॅम पनीर १८, दोन वाट्या घट्ट वरण किंवा मटकीची उसळ १६, दिवसभराच्या पोळ्या-भाकऱ्या १८, मोठी वाटी दही ७, मूठभर शेंगदाणे ८. झाले १०९. प्रवासात किंवा ऑफिसच्या गडबडीत यातलं काही चुकलं तर पावडरचा एक स्कूप घ्या. ती सोय आहे, गरज नाही. सगळी प्रथिनं रात्रीच्या जेवणात कोंबू नका, चार वेळा वाटून घ्या. जिमच्या दिवशी झोपताना एक कप दूध माझं ठरलेलं होतं.

पण पळणाऱ्या शाकाहारी लोकांचं प्रथिनांइतकंच, किंबहुना जास्त, नुकसान पिष्टाच्या, म्हणजे भात-पोळीतल्या कर्बोदकांच्या, भीतीने होतं. भात सोडणं हा मोठेपणा नाही. साध्या दिवशी किलोमागे पाच-सहा ग्रॅम कर्बोदकं, लाँग रनच्या आदल्या दिवशी सात-आठ. तुमच्यासाठी आदल्या दिवशीचं ते ४९० ते ५६० ग्रॅम होतं. म्हणजे पोहे, दुपारी भात, चारला केळं नि चिक्की, रात्री परत भात. लाँग रन उपाशीपोटी करू नका.

कमी खाऊन जास्त पळत राहिलं की शरीर एकेक खातं बंद करत जातं. पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती, झोप. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला 'रेड-एस' (खेळाडूंमधली ऊर्जेची तूट) असं नाव दिलं. पुरुषांनाही होतं, त्यांच्यात टेस्टोस्टेरॉन उतरतं, इच्छा मरते, चिडचिड होते, आणि ते कुणाला सांगतही नाहीत. तुम्हाला अशी चिन्हं दिसली तर पळणं कमी करा, खाणं वाढवा आणि डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीलाच हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि ब १२ जीवनसत्त्व तपासून घ्या. माझं हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन तळाला गेलेलं. जेवणाबरोबरचा चहा बंद केला, उसळीवर लिंबू पिळायला लागले आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या घेतल्या. गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका.

शर्यतीत तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. अकरा तास म्हणजे ६६० ग्रॅम. हे पोटाला शिकवावं लागतं, दर लाँग रनला, तीस ग्रॅमपासून वाढवत. एका केळ्यात साधारण पंचवीस, एका एनर्जी जेलमध्येही (पळताना चोखायचं घट्ट साखरेचं पाकीट) तेवढेच. आपलं लिंबू सरबत यात उत्तम: साखर म्हणजे अर्धं ग्लुकोज, अर्धं फ्रुक्टोज, आणि आतड्यात दोन्हींच्या वाटा वेगळ्या असल्याने एकाच वाटेवर गर्दी होत नाही. पाऊण लिटर पाण्यात साठ ग्रॅम साखर, चिमूट-दोन चिमूट मीठ, लिंबू. ओआरएसवर विसंबू नका. एका लिटरात साडेतेरा ग्रॅमच ग्लुकोज असतं, ते जुलाबासाठी बनवलेलं आहे. कॉम्रेड्सच्या वाटेवर मीठ लावलेले उकडलेले बटाटेही मिळतात. घरी सराव करा, म्हणजे तिथे पोट बिचकणार नाही.

पाणी तहानेप्रमाणे प्या. तिथे पाणी छोट्या पिशव्यांतून मिळतं, जागोजागी, म्हणून हात सतत पुढे जातो. अति पाण्याने रक्तातलं सोडियम पातळ होऊन पळणारे बेशुद्ध पडू शकतात, हे याच शर्यतीतल्या रुग्णांवरून टिम नोक्स या डॉक्टरने १९८५ मध्ये मांडलं होतं. मळमळ, डोकं जड, बोटं सुजून अंगठी रुतायला लागली तर पिणं थांबवा आणि वैद्यकीय तंबूत जा. वेदनाशामक गोळी शर्यतीत घेऊ नका. मूत्रपिंडांवर आधीच ताण असतो.

२०२३ ला मी ५८ किलो होते, पाच वर्षांपूर्वीपेक्षा पाच किलो जास्त. फील्ड्स हिल पळत उतरले, हातात अर्धा बटाटा होता. ११ तास २४ मिनिटं लागली. अकरा ते बारा तासांत येणाऱ्यांना तिथे विक क्लॅफमच्या नावाचं पदक देतात. ज्याने १९२१ मध्ये पहिल्या महायुद्धातल्या मृत सोबत्यांच्या आठवणीसाठी ही शर्यत सुरू केली, तो हा रेल्वे इंजिन चालवणारा माणूस. ते पदक मी देवघराशेजारी ठेवलंय.

शेवटच्या आठवड्यात पळणं निम्म्याहून कमी होईल आणि भूकही कमी लागेल, तरी भात कमी करू नका. उसळी आणि कच्चं सॅलड शेवटचे दोन दिवस बाजूला ठेवा, आतडी हलकी राहतात. पहाटे अडीचला उठून नाश्ता करा, पोहे किंवा उपमा तयार पाकिटातून नेता येतो. जूनमध्ये पीटरमॅरिट्झबर्गला चांगलीच थंडी असते, म्हणून टाकून द्यायला चालेल असा एक जुना स्वेटर बॅगेत ठेवा.