रात्री डोंगरात धावायला १००० लुमेनचा हेडलॅम्प घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रस्त्यावर १० किलोमीटर सहज धावता, आता मित्रांबरोबर पौर्णिमेच्या रात्री कात्रज ते सिंहगड करायचं आहे, जमलं तर डिसेंबरात डोंगरातली एखादी शर्यतही. ऑनलाइन १००० लुमेनचा हेडलॅम्प स्वस्तात दिसतोय. तो घ्यावा का, आणि चांदणं असताना एवढ्या उजेडाची गरज पडते का?

तो घेऊ नका. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो याचं माप. खोक्यावरचा १००० हा आकडा सुरुवातीच्या एक-दोन मिनिटांचा असतो, आणि तुम्हाला दिव्याची खरी गरज पडणार आहे पहाटे साडेतीनला, पाय थकलेले असताना, शेवटच्या उतारावर. दिवा त्या वेळेसाठी निवडायचा.

मी आठ-नऊ वर्षं पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत रात्री-पहाटे धावते आहे. सुरुवातीला मीही असाच एक दिवा घेतला होता. ऑक्टोबर संपत आला होता, गवत वाळायला लागलं होतं. रात्री अकराला आम्ही पाच जण जुन्या कात्रज बोगद्याजवळच्या वाघजाई मंदिरापासून निघालो. पहिल्या टेकडीवर मी सगळ्यांच्या पुढे, कारण माझाच उजेड सगळ्यांत जास्त. समोरच्या सोंडेवरचं झाड न् झाड दिसत होतं. वीसेक मिनिटांत तो उजेड मैत्रिणीच्या साध्या दिव्याइतकाच उरला. अडीचच्या सुमारास एका उतारावर, जिथे मुरमाचा घसारा आणि त्यावर आडवं पडलेलं वाळकं गवत असतं, दिवा तीनदा लुकलुकला आणि गेला. मंद होत होत नाही, एकदम गेला. माझा पाय तेव्हा हवेत होता. पडले, घसरत खाली गेले, उजव्या तळहाताची साल निघाली. त्याहून वाईट म्हणजे आकाशात चंद्र असूनही मला काहीच दिसत नव्हतं, कारण साडेतीन तास पांढऱ्या उजेडाला सरावलेल्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात.

नंतर मी बसून हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडून बघा, म्हणजे जाहिरातीतला कुठलाही आकडा तुम्हाला स्वतःच ताडून पाहता येईल. अशा दिव्यात बहुतेक वेळा १८६५० नावाचा सेल असतो: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत असायचा तोच. चांगल्या प्रतीच्या सेलमध्ये ३००० मिलिअँपिअर-तास मावतात, ३.६ व्होल्टने गुणलं की साधारण ११ वॉट-तास. एलईडी आणि तिचं सर्किट मिळून एका वॉटमागे ढोबळमानाने १०० लुमेन देतात असं धरा. मग १००० लुमेनला १० वॉट लागतात आणि सेल तासाभरात रिकामा होतो. २०० लुमेनला २ वॉट लागतात, तोच सेल पाच तास पुरतो. शिवाय त्या १० वॉटमधला बराच भाग उष्णतेत जातो, आणि कपाळावरच्या काडेपेटीएवढ्या डबीतून ती उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून सर्किट आपणहून उजेड उतरवतं. ‘१००० लुमेन, ८० तास’ असं एकाच ओळीत लिहिलेलं असेल तर १००० हा सर्वांत प्रखर पातळीचा आकडा असतो आणि ८० तास सर्वांत मंद पातळीचे. आणि १८६५० सेलवर ५०००, ९९०० असे आकडे छापलेले दिसले तर सरळ पुढे जा. एवढी ताकद त्या आकाराच्या सेलमध्ये मावतच नाही.

चांगल्या कंपन्या अ‍ॅन्सी एफएल-१ या अमेरिकी मानकाप्रमाणे मोजमाप देतात. ते मानक काय सांगतं हे समजून घेतलं की पौर्णिमेच्या प्रश्नाचं उत्तरही मिळतं. लुमेन मोजतात ते दिवा लावल्यानंतर अर्ध्या ते दोन मिनिटांच्या आत. दिवा किती तास चालतो हे मोजताना उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. म्हणजे ४०० लुमेनचा दिवा ४० वर आला तरी तोपर्यंत तो ‘चालू’च असतो. आणि उजेड किती लांब पडतो याचा आकडा म्हणजे जिथे ०.२५ लक्स उरतो ते अंतर. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो याचं माप. ०.२५ लक्स म्हणजे स्वच्छ आकाशातलं पौर्णिमेचं चांदणं. खोक्यावर ‘१०० मीटर’ लिहिलेलं असेल तर १०० मीटरवर तो दिवा चांदण्याइतकाच उजेड देतो. अंतर चौथाई केलं की उजेड सोळा पट होतो, म्हणजे २५ मीटरवर ४ लक्स. धावायला हा उजेड उपयोगी.

आता धावण्याचा वेग बघा. अशा वाटेवर तुम्ही किलोमीटरला सात मिनिटं घेतलीत तरी सेकंदाला अडीच मीटरच्या आतच जाता. समोरची पंधरा मीटर वाट नीट दिसली तर पाय कुठे टाकायचा हे ठरवायला सहा सेकंद मिळतात. सवयीच्या वाटेवर १५० ते २०० लुमेनमध्ये हे आरामात होतं. जास्त प्रखर पातळी लागते ती वाट चुकल्यावर, समोरची धार किंवा खिंड शोधताना, तीही अर्धा मिनिट.

चांदण्यावर भिस्त ठेवू नका. कात्रजहून सिंहगडाकडे तुम्ही पश्चिमेला जाता. पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री डोक्यावर असतो आणि पहाटेकडे पश्चिमेलाच उतरतो. त्यामुळे रात्रीच्या उत्तरार्धात प्रत्येक टेकडीचा चढ तिच्याच सावलीत असतो, आणि घळीत, झाडोऱ्यात तर चंद्र आहे की नाही हे कळतही नाही. डोंगरधारेच्या मोकळ्या, सपाट पट्ट्यावर मात्र कधीतरी दिवा बंद करून दहा मिनिटं चाला. दूरवर पुण्याचे दिवे आणि दोन्ही बाजूंना काळोख, फार सुंदर दिसतं.

लुमेनपेक्षा मला ज्याचं महत्त्व जास्त वाटतं, आणि दुकानात कोणी बोलत नाही, ती गोष्ट म्हणजे सावली. दिवा कपाळावर असला की तो डोळ्यांच्या अगदी जवळ असतो. त्यामुळे दगडाची सावली दगडाच्याच मागे लपते, आपल्याला दिसत नाही. खड्डा आणि उंचवटा सारखेच सपाट दिसतात. घरी करून बघा: खोलीत अंधार करा, फरशीवर मूठभर शेंगदाणे टाका, आधी दिवा कपाळाला लावून बघा, मग तोच काढून कमरेशी धरा. दुसऱ्या वेळी प्रत्येक दाण्याला लांब काळी सावली फुटते आणि कुठला दाणा उभा, कुठला आडवा हे सुद्धा कळतं. उतारावर हाच फरक घोटा वाचवतो. म्हणून मी एक दिवा कपाळावर आणि एक लहानसा कमरेच्या पट्ट्याला लावते. एकच घेणार असाल तर असा घ्या की जो हवा तेव्हा कमरेला बांधता येईल.

पावसाळ्यात तर कमरेचाच दिवा कामाला येतो. जुलैत सिंहगडावर ढग उतरले की कपाळावरचा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून थेट डोळ्यांत परत येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. अशा वेळी माणूस उजेड वाढवायला जातो आणि भिंत आणखी पांढरी होते. दिवा कमी करा, खाली आणा. डिसेंबरच्या थंडीत आपला स्वतःचा श्वासही असाच आडवा येतो, चढावर धापा टाकताना विशेषच. पाणी लागण्याचं म्हणाल तर आयपीएक्स-४, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडणाऱ्या पाण्यापासून बचाव, आपल्या पावसाला बहुतेकदा पुरतं. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण तेवढं घट्ट बसतंय का ते बघा, पाणी तिथूनच शिरतं.

उजेडाचा रंगही बघा. निळसर पांढरा उजेड दुकानात झगझगीत दिसतो, पण त्यात मुरूम, वाळकं पान आणि मूळ एकाच राखाडी रंगाचे होतात. थोडा पिवळसर उजेड मला जास्त भरवशाचा वाटतो. याला आपल्याकडे एक खास कारण आहे. फुरसं रात्री बाहेर पडतं, मुरमाच्याच रंगाचं असतं आणि पायाखाली येईपर्यंत हलत नाही. कपाळावर दिवा असताना गवतात हिरवट टिकल्या चमकताना दिसतील. त्या दवाच्या नसतात, कोळ्यांचे डोळे असतात. सापांचे डोळे मात्र असे चमकत नाहीत, त्यामुळे नजर जमिनीवर लागते आणि जमिनीचे रंग ओळखू यावे लागतात. धाकट्या बहिणीला सांगावं तसं सांगते, घोट्याच्या वर येणारे मोजे घाला आणि वाळक्या गवतात वेग कमी करा.

डोक्यावर दिवा कसा बसतो हे ऑनलाइन कळत नाही. पुण्यात डेकॅथलॉनमध्ये किंवा ट्रेकिंगच्या दुकानात जाऊन डोक्यावर चढवा आणि तिथेच दहा-पंधरा उड्या मारा. कोणी काही म्हणत नाही. सेलसकट १०० ग्रॅमच्या आत असेल तर पट्टा फारसा आवळावा लागत नाही. त्याहून जड दिवा हलू नये म्हणून इतका आवळावा लागतो की दोन तासांत कपाळ ठणकतं. जड घ्यायचाच असेल तर सेल डोक्याच्या मागे असलेला घ्या. दिवा वर-खाली करायचे खटके घट्ट हवेत. स्वस्त दिव्यांत ते लवकर सैल होतात आणि प्रत्येक पावलाला उजेड मान टाकतो. बटण लॉक होणारं हवं, नाहीतर पिशवीत दिवा आपोआप लागतो आणि डोंगरावर पोहोचेपर्यंत सेल अर्धा होतो.

सेलबद्दल माझं मत बदलत गेलंय. टीव्हीच्या रिमोटमधले बारीक सेल, म्हणजे ट्रिपल-ए, गावातल्या किराणा दुकानातही मिळतात आणि साधे असले तर हळूहळू मंद होत सूचना देतात. चार्ज होणारे दिवे शेवटपर्यंत जवळजवळ एकसारखा उजेड देतात, पण संपताना एकदम संपतात. माझं तेच झालं. आज मी चार्ज होणाराच वापरते, कारण एकसारखा उजेड मिळणं धावताना फार महत्त्वाचं आहे, फक्त किती शिल्लक आहे हे दाखवणारा छोटा दिवा त्यावर असायलाच हवा. दोन्ही सोय असलेलेही मिळतात. पेट्झल कंपनीच्या अ‍ॅक्टिक कोअर या दिव्यामध्ये चार्ज होणारी बॅटरी काढून तीन ट्रिपल-ए घालता येतात.

तुमच्या जागी मी असते तर जास्तीत जास्त ३५० ते ४०० लुमेनचा, २०० च्या आसपास निदान चार तास टिकणारा, १०० ग्रॅमच्या आतला, यूएसबी-सीने चार्ज होणारा एक दिवा घेतला असता. पैसे कमी पडत असतील तर लुमेन कमी करा, नावाजलेली कंपनी सोडू नका. आणि दुसरा, अगदी साधा, ट्रिपल-एवाला दिवा पिशवीत. मोबाइलचा टॉर्च हा दुसरा दिवा होत नाही, एक हात अडकतो आणि घसाऱ्यावर दोन्ही हात लागतात. आल्प्समधल्या यूटीएमबी शर्यतीत दोन हेडलॅम्प जवळ ठेवणं सक्तीचं आहे; सेल बदलायलाही दुसरा उजेड लागतोच. आपल्याकडच्या शर्यतींचीही सक्तीच्या सामानाची यादी असते, नाव नोंदवताना ती आधी वाचा.

लाल उजेडाची सोय असेल तर थांबलेल्या जागी, नकाशा बघताना, डबा खाताना तोच वापरा. लाल उजेडाने डोळ्यांची अंधाराची सवय फारशी मोडत नाही आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत. वस्तीजवळून जाताना दिवा खाली करा. उजेड घरांवर पडला की कुत्री उठतात आणि मग अख्खी वाडी जागी होते. आणि जायच्या आधी त्या वाटेवर वनखात्याची रात्रीची बंदी नाही ना, याची चौकशी करा.

दिवा आणल्यावर पहिल्या रात्री तो डोंगरावर नेऊ नका. पूर्ण चार्ज करून संध्याकाळी २०० लुमेनच्या आसपासच्या पातळीवर लावून टेबलावर ठेवा आणि किती वाजता विझतो ते बघा. खोक्यावर काहीही लिहिलेलं असो, तुमच्या दिव्याचा खरा वेळ तोच, आणि वर्षभराने पुन्हा मोजाल तेव्हा तो कमी झालेला असेल. माझ्या दिव्याच्या पट्ट्यावर आतल्या बाजूने चिकटपट्टीचा तुकडा आहे. त्यावर सध्या ‘४ तास २०’ लिहिलंय. नवा होता तेव्हा ‘४ तास ५०’ होतं.