दुसरा गिअर खरखरतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी हे बघा

2003 ची मारुती झेन, सकाळी गार असताना दुसऱ्या गिअरला खरखर, रिव्हर्सलाही तेच, आणि फिटर म्हणतोय गिअरबॉक्स उतरवायला लागेल. इतक्यात उतरवू नका. रिव्हर्सही ओरडतोय म्हटल्यावर पहिला संशय क्लचवर.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. बंद असताना अलगद पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पुरता सुटत नाही. बंद असतानाही अडले, तर लिव्हरखालची लिंकेज (लिव्हरला गिअरबॉक्सशी जोडणारे दांडे) आणि तिचे बुश तपासा. मग इंजिन आयडलवर, क्लच तळापर्यंत दाबून पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. त्याला सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवणारी पितळी रिंग) नसतो, त्यामुळे क्लच प्लेट जराशी ओढत असली तरी खरखरीवरून लगेच कळतं. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल, साधारण 15 ते 25 मिमी हवा. जास्त असेल तर केबलचा नट आवळा, पण प्ले शून्यावर आणू नका. पन्हाळ्याच्या चढाला क्लच घसरून प्लेट जळेल.

क्लच ठीक निघाला, तर चालत्या गाडीत तिसऱ्यावरून दुसरा असा टाका: क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून हलकी रेस, परत दाबून दुसरा. असा विनातक्रार पडला, तर सिंक्रो रिंग झिजलीय.

न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. दाबल्यावरच येते, तर रिलीज बेअरिंग.

आता ऑइल. सपाट जागेवर, आधी वरचा फिलर बोल्ट सुटतो का बघा, मगच खालचा ड्रेन काढा. खालचा काढून ऑइल सांडलं आणि वरचा जाम निघाला, तर गाडी जागेवरच अडकली. ऑइल पांढऱ्या भांड्यात घेऊन उन्हात धरा. सोनेरी चमक म्हणजे सिंक्रोचं पितळ. ते चुंबकाला चिकटत नाही. चिकटणारे कण म्हणजे दात किंवा बेअरिंग. दुधाळ, चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. जुनी गाडी घेतली असेल तर ती कोल्हापूरच्या 2019 किंवा 2021 च्या पुरात उभी होती का, हे मूळ मालकाला जरूर विचारा. नवीन ऑइल 75डब्ल्यू-90, जीएल-4 च घ्या, फिलरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत. जीएल-5 मधली रसायनं पितळेला खाऊ शकतात. नुसत्या ऑइलनेही सकाळची खरखर बरीच कमी होते, म्हणून 300-400 किमी चालवून बघा.

तरीही उतरवायची वेळ आली, तर सिंक्रो रिंग गिअरच्या कोनवर (निमुळत्या भागावर) दाबून रिंग आणि गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजने तुमच्यासमोर मोजायला लावा. अर्ध्या मिमीच्या खाली असेल तर बदला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काहीही करून मिळतं, पण ही रिंग तेवढी तयारच घ्या; आतल्या बारीक खाचांवरच तिची पकड असते. क्लच प्लेट आणि ड्राइव्हशाफ्टचे सील त्याच खोलाईत बदलून टाका.